वाहून आलेलं लाकूड घरात ठेवावं का?

प्रश्न: दादा, दिवाळीत आमचे हे मित्रांसोबत दापोलीकडं फिरायले गेले होते, तिथल्या बीचवरून एक वाहून आलेलं लाकूड उचलून आणलं. वाकडंतिकडं, राखेच्या रंगाचं, पण हात फिरवला तर एकदम गुळगुळीत. शोकेसवर ठेवलं तर सासूबाई म्हणते पाण्यातलं लाकूड मसणातलं असते, चुलीत टाका. अन् ह्यांच्या डोक्यात आता वैनगंगेच्या काठचं गोळा करून पॉलिश मारून विकायचं आहे. भेटते का आपल्याकडे असं? कोणी अडवत तर नाही ना?
– एक ताई, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर: ताई, पहिले ते चुलीपासून लांब ठेवा. समुद्राच्या लाकडात मीठ मुरलेलं असते अन् ते जाळलं की धुरात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात, बंद सैपाकघरात तर बिलकुल नको. टाक्यात गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहा, वाळल्यावर वर पांढरी खपली येणं थांबलं की मीठ निघालं समजा. नाहीतर पावसाळ्यात ते ओल धरते. मसणातलं लाकूड असलं तर बहुतेक जळकी बाजू दिसते, हे सासूबाईंना दाखवून द्या. अन् भोकं असतील, आतून चुन्यासारखा पांढरा थर असेल, तर ते शिपवर्मचं काम, तो किडा नाहीच, शिंपल्याच्या जातीतला जीव आहे, पाण्याबाहेर मरतो, घरातल्या दरवाजांची चिंता करू नका.

आपल्याकडे भेटते, भरपूर भेटते. कोकणात लोक उधाणानंतर, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या पुढं एक-दोन दिवसांनी शोधतात, आपल्याकडे पूर उतरला की. नदी वळते तिथं आतल्या अंगाला पाणी मंदावते अन् रेतीच्या दांड्यावर सगळं टाकून जाते, पुलाच्या खांबाला अन् काठच्या बाभळीतही अडकून राहते. पण ढिगात सरळ हात घालू नका, आधी काठीनं हलवा, साप-विंचू तिथंच बसलेले असतात. गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला गाव असेल तर पावसाळ्यात पात्रात उतरूच नका, दरवाजे उघडले की पाणी पाहता पाहता चढते.

विकायचं मात्र सोपं नाही बरं का. भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 45 सांगते की वाहून आलेलं, काठाला लागलेलं किंवा बुडालेलं लाकूड कोणी हक्क सिद्ध करेपर्यंत सरकारचं. वनखातं ते डेपोत जमा करून नोटीस काढते अन् दावा सांगायला कमीत कमी दोन महिने देते. सागाचा ओंडका काय अन् हातभर फाटा काय, कायद्याच्या व्याख्येत सगळंच लाकूड येते, म्हणून दुकान लावायच्या आधी ह्यांना वनखात्याच्या रेंज ऑफिसात पाठवा अन् उत्तर लेखी घ्या, तोंडी होकाराला काही अर्थ नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीतून तर काडीही आणू नका.

परवानगी भेटलीच तर लाकूड उन्हात टाकू नका, तडकते, सावलीत हळूहळू वाळू द्या. उधई लागली का पाहा, ठोकल्यावर पोकळ वाजलं तर सोडून द्या. चकचकीत पॉलिश मला तरी आवडत नाही, लाकडाचा सगळा रंगच झाकून टाकते. जवसाचं तेल पातळ पुसा, वाळायला बरेच दिवस घेते पण शोभते. फक्त तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो, बाहेर दोरीवर पसरून वाळवा.