'ट्रू ग्रिट' : जुना की नवा?

प्रश्न : १९६९ चा जॉन वेनवाला 'ट्रू ग्रिट' हा काउबॉय सिनेमा आम्हाला पाठ आहे, मग २०१० चा कशाला बघायचा?

उत्तर : बघाच हो! नव्याचे दिग्दर्शक कोएन बंधू जुन्या सिनेमापेक्षा चार्ल्स पोर्टिसच्या कादंबरीकडे वळलेत, त्यामुळे गोष्ट बापाच्या खुन्यामागे लागलेल्या मॅटीची झालीय, आणि चौदा वर्षांच्या त्या पोरीचं काम जुन्यात विशी ओलांडलेल्या किम डार्बीने केलं होतं, इथे हेली स्टाइनफेल्ड खरंच त्या वयाची वाटते, शिवाय शेवटी मॅटीचा हात जातो ते जुन्यात गाळलेलं, इथे आहे. तिला मदत करणाऱ्या मार्शलच्या, म्हणजे जुन्यातल्या वेनच्या, रोलमध्ये जेफ ब्रिजेस मस्तच, पण तोंडातल्या तोंडात बोलतो, सबटायटल लावा. वेनला त्याचं एकमेव ऑस्कर याच रोलसाठी मिळालं, नव्याला १० नॉमिनेशनं मिळून एकही नाही (हे जरा अतीच झालं). घोड्यावरून लगाम दातात धरून चाल करणारा वेन मात्र मला अजूनही जास्त आवडतो.