केल : बी कधी टाकायचं, अळी कशी आवरायची?

सप्टेंबर लागला की केलबद्दल तेच ते प्रश्न येऊ लागतात. केल म्हणजे गड्डा न धरणारा कोबी. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल ही एकाच जातीची भावंडं आहेत. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पाकिटावर ‘बारमाही’ लिहिलं होतं म्हणून एप्रिलमध्ये बी टाकलं. पानं बारीक आणि कडू आली. काय चुकलं? (चिंचवड)

महिना चुकला. ‘बारमाही’ हा शब्द पाकीट खपावं म्हणून छापतात, त्यावर विसंबू नका. देशावर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ट्रेमध्ये बी टाका आणि चार-पाच पानांचं रोप झालं की दीड-दीड फुटावर लावा. दुसरी खेप नोव्हेंबरच्या मध्यात टाकलीत तर फेब्रुवारीतही खुडायला पानं मिळतील. डिसेंबर-जानेवारीचं पान सर्वांत गोड असतं. मार्चमध्ये ऊन तापलं की पान राठ होतं आणि मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतो, तेव्हा रोपाचा मोह सोडा. महाबळेश्वर-पाचगणीकडे हवा थंड, त्यामुळे वेळापत्रक वेगळं. तिथल्या लोकांनी आपल्या कृषी कार्यालयात विचारून ठरवावं.

वीस दिवस झाले, बी उगवलंच नाही. आणखी थांबू का? (नाशिक)

नाही. केल आठवड्याभरात उगवतं. एकतर बी खोल गेलं (अर्धा-एक सेंटिमीटर पुरे) किंवा ते जुनं होतं. उरलेल्यातलं दहा बी ओल्या कागदात गुंडाळून पाहा, म्हणजे कळेल. पुढच्या वेळी पाकिटावरची चाचणीची तारीख वाचून मगच पैसे द्या.

उगवलेली रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडतात. (बदलापूर)

पाणी कमी करा. ही बुरशीची मर आहे. आडवी पडलेली रोपं मातीसकट काढा, ट्रे मोकळ्या हवेत ठेवा आणि नवीन बी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) लावून टाका. पुन्हा तसंच झालं तर एक रोप मातीसकट जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

पानांना भोकं पडली आहेत. शेजारी कोबीवर मारायचं औषध देतो म्हणतात. अंदाजे किती घालू? (हडपसर)

एक थेंबही नको. हे मी कळकळीनं सांगतो आहे.

कोबीची बाहेरची पानं आपण टाकून देतो. केलचं मात्र ज्या पानावर फवारा बसतो तेच पान पोटात जातं, आणि बरेच जण ते कच्चंच खातात. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर पीक, मात्रा आणि फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही हे छापलेलं असतं. कोबीचे ते दिवस केलला जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय केल आपण आठवड्याला खुडतो, मग ते दिवस पाळणार कोण? ‘धुतलं की जातं’ ही ऐकीव गोष्ट आहे. पानात शिरलेलं औषध नळाखाली जात नाही.

आधी पान उलटं करा. पातळ काचेसारखी खिडकी दिसली आणि बोट लावताच बारीक हिरवी अळी धाग्याला लोंबकळली, तर तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग. गच्चीतल्या दहा-बारा रोपांवरच्या अळ्या रोज सकाळी हातानं वेचता येतात. कडेनं मोहरी पेरा, पतंग आधी तिच्याकडे वळतात. तरीही आवरलं नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा किंवा संध्याकाळी बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूचं जैविक औषध). बीटी लहान अळीवरच चालतं, माव्यावर नाही, आणि त्याचंही लेबल वाचायचंच. केलच्या पानावर मेणासारखा थर असतो, पाणी गोळा होऊन ओघळतं, म्हणून अर्कात थोडा साबणाचा चुरा मिसळा. कीड ओळखता येत नसेल तर किडकं पान पिशवीत घालून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात न्या. पण आजच. आठ दिवसांनी नुसत्या शिरा उरतील.

घरचं बी धरता येईल का? (सांगली)

नाही. फुलायला त्याला लागते तशी दीर्घ थंडी मैदानात मिळत नाही.

मी न्यू जर्सीत मुलाकडे असते. पानांवर पहाटे हिम दिसतं. झाडं उपटू का?

मुळीच नका! थंडीत केल पिठूळ साठ्याची साखर करतं, त्यामुळे हिम पडल्यावर पान गोड लागतं. गोठलेलं पान मात्र हाताळू नका, ऊन चढल्यावर खुडा. कडक हिवाळ्यात झाड किती तग धरेल हे तुमच्या काउंटीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्राला विचारा. पुढच्या वर्षी शरद ऋतूच्या पिकासाठी जुलैत बी टाका.

वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. रोज केल दिलं तर चालेल? (ठाणे)

आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. केलमध्ये ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि वॉरफरीनसारख्या गोळीचं काम त्यानं बिघडतं. एकदम सुरू करू नका आणि आधीपासून खात असतील तर एकदम बंदही करू नका.