मला दिसते, इतरांना नाही

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात एका सरकारी कार्यालयाच्या फेसबुक पानावर पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दिली होती. त्याखाली मी लिहिले की, आमच्या गल्लीत पाणी शिरूनही कोणी फिरकले नाही. सोबत संबंधित कर्मचाऱ्याचा मोबाइल क्रमांकही दिला. ती प्रतिक्रिया माझ्या फोनवर आजही दिसते, शेजाऱ्यांच्या फोनवर मात्र दिसत नाही. कार्यालयाला असे करता येते का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपली प्रतिक्रिया काढलेली नसून लपवलेली दिसते. फेसबुकवर लपवलेली प्रतिक्रिया लिहिणाऱ्याला व त्याच्या मित्रयादीतील लोकांना दिसत राहते, त्यामुळे आपले म्हणणे झाकले गेले आहे याचा पत्ताच अनेकांना लागत नाही.

कारण बहुधा तो मोबाइल क्रमांक असावा. कोणाचा खासगी क्रमांक, शिवीगाळ, जाहिरात किंवा अफवा हटवणे रास्तच आहे. पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकत असताना राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांविषयी कोणी खोटी बातमी लिहिली, तर ती तासभर राहू देणेही घातक ठरेल. मात्र ‘कोणी फिरकले नाही’ ही टीका आहे, आणि केवळ ती झोंबते म्हणून लपवणे राज्यघटनेच्या १९व्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी सुसंगत नाही, असे माझे मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे, त्रासदायक ऑनलाइन लिखाणाला शिक्षा सांगणारे कलम रद्द केले, तो निकाल शिक्षेविषयी होता, प्रतिक्रिया लपवण्याविषयी नव्हे; तरीही एखादे लिखाण कोणाला त्रासदायक वाटणे एवढेच कारण पुरेसे नसते, हे त्यातून स्पष्ट झाले.

आपण क्रमांक वगळून तीच प्रतिक्रिया पुन्हा लिहावी. तीही लपवली गेली, तर फोनच्या पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) जपून ठेवावे आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या पानाचे लेखी नियम व प्रतिक्रिया लपवल्याची नोंद मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यानंतर प्रथम अपील करता येते.

मूळ तक्रार मात्र प्रतिक्रियेच्या भरवशावर सोडू नये, कारण तिला आवक क्रमांक मिळत नाही. साध्या कागदावरचा अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. पाणी दारात आलेच, तर आधी १०७७ या क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवावे.