वाक्यं पाठ करू नकोस गं

अगं,

तुझा मेसेज रात्री वाचला. "ताई, मी परत स्टेजवर जाणार नाही." भाषणाच्या तिसऱ्या मिनिटाला ब्लँक झालीस, "जल हेच जीवन" दोनदा म्हणालीस आणि उतरलीस. धीर वगैरे देत बसत नाही, तो तुझ्याकडे आहे. मला राग आलाय तो त्या चार पानी कागदाचा.

वाक्यं पाठ करू नकोस, मुद्दे पाठ कर. जूनमध्येच सांगितलं होतं, तू हो हो म्हणालीस आणि परत कुणाकडून तरी भाषण लिहून आणलंस. पाढे म्हणताना मधेच कुणी अडवलं की परत सत्तावीस एके सत्तावीसपासून सुरू करावं लागतं ना, तसंच होतं हे, कारण तेव्हा तू अर्थ आठवत नसतेस, नुसता मागच्या शब्दाचा नाद आठवत असतेस.

आणि त्याच संध्याकाळी बस स्टँडवर तू मला तुमच्याकडचा टँकर रात्री दोनला येतो ते सांगत होतीस, आई चप्पल पायात ठेवूनच झोपते, हंड्यांची रांग कोण मोडतं, भांडण कुठून सुरू होतं. दहा मिनिटं बोललीस, एकदाही अडली नाहीस. विषय तोच होता ना गं? मग स्टेजवर ते का नाही आलं?

मी हे का एवढं लावून धरते सांगते. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या शोकसभेत मी बोलले, रात्रभर पाठ करून, "तेजस्वी सूर्य मावळला" वगैरे, एक शब्द चुकला नाही. नंतर त्यांचे ड्रायव्हर मित्र जवळ येऊन म्हणाले, भाषण छान झालं पोरी. बस, तेवढंच. अण्णा सुट्टे पैसे मोजताना ओठ हलवायचे, शेवटच्या गाडीला एखादी म्हातारी राहिली तर बेल मारायचे नाहीत, यातलं मी काहीच बोलले नाही. तेवीस वर्षं झाली, अजून जात नाही ते मनातून. म्हणून मी परीक्षक म्हणून जायचं सोडलं, लोक हट्टी म्हणतात, म्हणू देत. पाठांतराला मार्क द्यायला माझा हात उठत नाही आणि मला ते चूक वाटत नाही.

ब्लँक होण्याचं मनावर घेऊ नकोस. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच केसला गांधीजी उलटतपासणीला उभे राहिले आणि एक प्रश्न सुचेना, खाली बसले, 30 रुपये फी परत केली. पुढे त्यांच्या बोलण्यात अलंकार नव्हते, पण लाखो लोक ऐकायला यायचे.

तर एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन मुद्दे, प्रत्येकाला दोन-तीन शब्द, बास. पहिलं वाक्य तेवढं पक्कं ठेव, त्याला माझी हरकत नाही. माईकसमोर गेल्यावर आधी श्वास पूर्ण बाहेर सोड, घाबरलं की तो छातीतच वरवर चालतो आणि बोलणं पळायला लागतं. आठवलं नाही तर थांब, खाली कार्डाकडे बघ, लोक थांबतात गं. पण वाक्य शोधू नकोस, पुढचा मुद्दा शोध. किती वेळा सांगू!

रविवारी पाचला घरी ये. तो कागद आणू नकोस. टँकरचा हॉर्न ऐकू आल्यावर आई पहिलं काय करते, तिथून सुरू कर.

तुझी ताई