वाचकांचे प्रश्न : लिस्बन २०१४, नव्वद मिनिटांनंतर

(चॅम्पियन्स लीग अंतिम सामना, २४ मे २०१४, एस्तादिओ दा लूझ, लिस्बन. रियाल माद्रिद ४, अ‍ॅटलेटिको माद्रिद १, जादा वेळेत.)

रियालचे चाहते ‘९२:४८’ हा आकडा टी-शर्टवर का मिरवतात? आणि पंचांनी वेळ जास्तच दिला होता का? – एक वाचक, पुणे

अ‍ॅटलेटिको १–० ने पुढे होतं. रियालच्या सर्जिओ रामोसने बरोबरी साधली तेव्हा घड्याळात ९२ मिनिटं ४८ सेकंद झाले होते. कॉर्नर ल्युका मॉड्रिचचा, हेडर रामोसचा, चेंडू खालच्या कोपऱ्यात. पंच ब्योर्न काउपर्स यांनी पाच मिनिटं वाढवून दिली होती. अ‍ॅटलेटिकोवाले त्यावर आजही कुरकुरतात. पण दुसऱ्या सत्रात पाच बदल झाले होते, शिवाय दुखापतींमुळे खेळ अधूनमधून थांबत होता. आणि तीन मिनिटंच मिळाली असती तरी हा गोल त्यात बसलाच असता, हे कुरकुरणारे सोयीस्करपणे विसरतात.

१–१ वरून ४–१ कसं झालं? अ‍ॅटलेटिकोने हाय खाल्ली म्हणायचं का? – एक वाचक, नागपूर

हाय खाल्ली असती तर जादा वेळेच्या पहिल्याच सत्रात बांध फुटला असता. तिथे एकही गोल झाला नाही. रियालच्या बेलचा गोल ११० व्या मिनिटाला, मार्सेलोचा ११८ व्या, आणि रोनाल्डोची पेनल्टी १२० व्या. प्रश्न पायांचा होता, आणि त्याचं मूळ नवव्या मिनिटात आहे.

आठवडाभर आधी, १७ मे रोजी, कॅम्प नोऊवर बार्सिलोनाशी १–१ बरोबरी करून अ‍ॅटलेटिकोने स्पॅनिश लीग जिंकली. त्याच सामन्यात दिएगो कोस्ता आणि आर्दा तुरान दोघंही दुखावले. तुरान अंतिम सामन्याला मुकला. कोस्ताच्या मांडीमागचा स्नायू दुखावला होता, तरी प्रशिक्षक सिमिओनेने त्याला पहिल्या अकरात घेतलं. नवव्या मिनिटाला तो बाहेर. तेव्हा नियमाप्रमाणे तीनच बदल मिळायचे, त्यातला एक असा वाया गेला. ६६ व्या मिनिटाला राऊल गार्सियाच्या जागी सोसा. ८३ व्या मिनिटाला डावा बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) फिलिपे लुईस चालेना, म्हणून आल्डरवायरेल्ड. झोळी रिकामी.

आता कुणी म्हणेल, रियालचा प्रशिक्षक आन्चेलोत्ती याचेही तिन्ही बदल ७९ व्या मिनिटापर्यंत संपलेच होते. बरोबर. पण ते त्याने स्वतःच्या मर्जीने केले. ५९ व्या मिनिटाला खेदिरा आणि कोएन्त्राओला काढून इस्को आणि मार्सेलो आणले, नंतर बेन्झेमाच्या जागी मोराता. म्हणजे जादा वेळेत रियालच्या डाव्या बाजूला ताजा मार्सेलो आणि न थकणारा दी मारिया, आणि समोर लंगडत असलेला उजवा बॅक हुआनफ्रान, ज्याला बदलायची सोयच उरली नव्हती. ११० व्या मिनिटाचा गोल नीट पाहा. दी मारिया तिथूनच आत घुसतो, अ‍ॅटलेटिकोचा गोलरक्षक कोर्त्वा त्याचा फटका पायाने अडवतो, चेंडू वर उडून दूरच्या खांबापाशी जातो आणि बेल डोक्याने आत ढकलतो. मार्सेलोच्या गोलच्या वेळी तर त्याच्या अंगावर कुणी गेलंच नाही. सामनावीर दी मारियाच ठरला, आणि ते योग्यच झालं.

आमच्या तालीम संघाच्या बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळ धरून बदली खेळाडू कसे वापरावेत? – एक प्रशिक्षक, कोल्हापूर

आधी स्पर्धेचे नियम लेखी विचारून घ्या : बदल किती, जादा वेळ आहे की थेट पेनल्टी. मोठ्या स्पर्धांत आता पाच बदल असतात आणि जादा वेळेत आणखी एक मिळतो. स्थानिक स्पर्धेत तसं असेलच असं नाही.

स्नायू दुखावलेल्याला सुरुवातीला उतरवू नका. सरावात जोरात धावून, थांबून, वळून दाखवलं तरच त्याचा विचार करा, आणि तोही शेवटच्या अर्ध्या तासासाठी. सर्वांत आधी थकतात ते वर-खाली धावणारे बॅक आणि विंगर. एक बदल त्यांच्यासाठी नव्वदाव्या मिनिटापर्यंत राखून ठेवा. सगळे बदल संपले आणि बॅक लंगडू लागला, तर त्याला पुढे पाठवा आणि धावू शकणारा विंगर मागे आणा. पुढे तो निदान एखाद्या बचावपटूला अडकवून ठेवेल; मागे राहिला तर विरुद्ध संघ सगळे हल्ले त्याच्याच बाजूने करेल.

जादा वेळेच्या दोन सत्रांमध्ये, नियमानुसार, फार तर मिनिटभर पाणी प्यायला मिळतं. सूचना द्यायच्या त्या आधीच्या विश्रांतीत देऊन टाका.

अ‍ॅटलेटिकोच्या नशिबी असं पूर्वीही आलं होतं म्हणतात, ते खरं का? – एक वाचक, मडगाव

खरं आहे. युरोपियन कपचा (आजची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामना, १५ मे १९७४, ब्रुसेल्सचं हायझेल मैदान, समोर बायर्न म्युनिक. ११४ व्या मिनिटाला लुईस आरागोनेसने फ्री किकवर गोल केला. शेवटच्या मिनिटाला बायर्नच्या श्वार्त्झेनबेक या बचावपटूने लांबून फटका मारला आणि बरोबरी झाली. तेव्हा अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउट नव्हतं. सामना पुन्हा खेळवायचा. दोन दिवसांनी त्याच मैदानावर बायर्न ४–० ने जिंकलं, होनेस आणि म्युलरचे दोन-दोन गोल.

लिस्बनला गोल्डन गोल असता तर? – एक वाचक, ठाणे

गोल्डन गोल म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करेल तो तिथेच विजयी. म्हणजे बेलच्या गोलवरच सामना संपला असता. पण तो नियम २००४ नंतर राहिलाच नाही. त्याचा सर्वांत क्रूर नमुना पाहायचा तर १६ मे २००१ चा डॉर्टमुंडमधला युएफा कप अंतिम सामना पाहा. ११७ व्या मिनिटाला स्पेनच्या अलावेस संघाच्याच खेळाडूच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच गोलमध्ये गेला, आणि लिव्हरपूल ५–४ ने जिंकलं.