चार्जर घेताना वॅटच्या पलीकडे काय बघायचं? : वाचकांचे प्रश्न

फोनच्या खोक्यातून चार्जर गायब व्हायला लागले (२०२० मध्ये आयफोन १२ पासून हे जोरात सुरू झालं, मग इतरांनी री ओढली) तेव्हापासून चार्जरबद्दलचे प्रश्न थांबायलाच तयार नाहीत. म्हणून यावेळी फक्त तेच घेतोय.

प्रश्न : लॅपटॉपसोबत ६५ वॅटचा टाइप सी चार्जर आलाय, माझा फोन २५ वॅटचा आहे. मुलगी बिनधास्त फोन त्यालाच लावते आणि मी तिला ओरडतो की बॅटरी फुगेल म्हणून. ती ऐकत नाही. कोण बरोबर?

उत्तर : मुलगी. वॅटचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, तो फोनमध्ये तेवढं कोंबतो असं नाही. किती घ्यायचं ते फोन ठरवतो. टाइप सी चार्जर फोन जोडल्यावर आधी ५ व्होल्टच देतो, मग पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी नावाची जी पद्धत आहे तिच्यात केबलमधल्या एका वेगळ्या तारेवरून चार्जर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो, ५ व्होल्ट आहे, ९ आहे, १५ आहे, २० आहे, आणि फोन त्यातलं आपल्याला झेपेल तेवढंच मागतो. मागितल्याशिवाय व्होल्टेज चढतच नाही.

एकाच बाबतीत तुमची भीती खरी आहे. जुन्या लॅपटॉपचा गोल पिनचा चार्जर असतो ना, त्याला पुढे टाइप सी पिन लावायचे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात. त्यातल्या काहींमध्ये हे विचारणं-सांगणं काहीच नसतं, १९-२० व्होल्ट थेट फोनच्या तोंडाशी येतात. तसलं काही घरात असेल तर आधी टाकून द्या.

प्रश्न : फोन २५ वॅटचा, चार्जर चांगल्या कंपनीचा ६५ वॅटचा, तरी स्क्रीनवर 'सुपर फास्ट' येत नाही, नुसतं 'फास्ट' येतं. कंपनीने फसवलं का?

उत्तर : बहुतेक नाही. तुमच्या चार्जरमध्ये पीपीएस (प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय, पीडीचाच पुढचा प्रकार) नसणार, आणि माझ्या मते चार्जर घेताना सगळ्यात जास्त बघायची गोष्ट हीच आहे जी कोणी बघत नाही.

साध्या पीडीमध्ये ठरलेल्या पायऱ्या असतात, ५ नंतर एकदम ९. पीपीएसमध्ये फोन चार्जरकडून ०.०२ व्होल्टच्या बारीक फरकाने व्होल्टेज मागून घेऊ शकतो, म्हणजे व्होल्टेज उतरवायचं काम फोनच्या आत कमी होतं आणि फोन कमी तापतो. सॅमसंगच्या फोनमधलं २५ वॅटचं चार्जिंग यावरच चालतं, पीपीएस नसेल तर फोन मुकाट्याने खालच्या वेगावर येतो. ४५ वॅट हवे असतील तर ५ अँपिअरची केबल पण लागते. बऱ्याच आयफोनचं साध्या पीडीवर भागतं.

हे कुठे बघायचं? चार्जरच्या अंगावर मुंगीएवढ्या अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं तिथे. ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर अशी रांग असते (गुणाकार केला की वॅट, ९ गुणिले २.२२ म्हणजे २० वॅट). त्याच रांगेत पीपीएस लिहून पुढे ३.३ ते ११ व्होल्ट असं काहीतरी दिसलं तर घ्या. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून झूम करा, डोळ्यांना त्रास नको. आणि खोक्यावर नुसतं 'फास्ट चार्जर ६५ वॅट' लिहिलंय, बाकी तपशील नाही, तर मी तरी ठेवून देईन.

आता ओपो, वनप्लसवाल्यांचं वेगळं. सुपरवूक ही त्यांची स्वतःची पद्धत आहे, तिला त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल लागते. असा ८० वॅटचा फोन तुम्ही १०० वॅटच्या पीडी चार्जरला लावलात तरी ८० मिळणार नाहीत, चार्ज होईल पण हळूहळू. त्यामुळे फोनसोबत मिळालेला चार्जर जपून ठेवा आणि बॅगेत ठेवायला दुसरा साधा पीडीचा घ्या. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप सी सक्तीचं केलं, त्यात असंही आहे की १५ वॅटच्या वर चार्ज होणाऱ्या फोनमध्ये कंपनीची स्वतःची पद्धत असली तरी पीडी असायलाच हवं.

प्रश्न : केबल केबल काय असते हो एवढी? मी कुठलीही वापरतो.

उत्तर : साध्या फोनसाठी चालून जातं. पण टाइप सी टू सी केबल साधी असेल तर ती ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या पुढे जायचं तर केबलच्या आत ई-मार्कर नावाची चिप लागते, ती चार्जरला सांगते की मला ५ अँपिअर झेपतील. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जर पण ६० वरच थांबतो आणि लोक चार्जरला शिव्या घालतात. खूप लांब आणि बारीक केबल असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं ते वेगळंच.

खराब केबलने नुसतं हळू चार्ज होतं असंही नाही. गूगलमधले इंजिनीयर बेन्सन लिउंग २०१५ पासून बाजारातल्या टाइप सी केबल विकत घेऊन तपासत होते. २०१६ मध्ये एका केबलच्या आत तारा चक्क चुकीच्या जोडलेल्या निघाल्या आणि तपासायला वापरलेला त्यांचा लॅपटॉपच खराब झाला.

प्रश्न : नवीन ब्लूटूथ इयरफोन टाइप सीचे आहेत. जुन्या चपट्या पोर्टच्या चार्जरवर चार्ज होतात, नवीन सी टू सी वर काहीच होत नाही. चार्जर बिघडलाय का?

उत्तर : चार्जर शहाणा आहे, इयरफोन बनवणाऱ्याने काटकसर केली. टाइप सी पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन बारीक रेझिस्टर लागतात, ते दिसले तरच सी चार्जर करंट सोडतो. चिल्लर वस्तूंमध्ये तेच वाचवतात. जुना चपटा पोर्ट काही न विचारता ५ व्होल्ट देतो म्हणून तिथे चालतं. जुन्या चपट्या पोर्टचीच केबल वापरा, दुसरा उपाय नाही.

प्रश्न : एका लोकल चार्जरला फोन लावला की स्क्रीन वेड्यासारखी करते, आपोआप टाइप होतं, ॲप उघडतात. काढला की नॉर्मल. शिवाय फोनच्या कडेला हात लावला तर झिणझिण्या येतात.

उत्तर : टच स्क्रीन बोटामुळे बदलणारा अगदी किंचित विद्युतभार मोजत असते. निकृष्ट चार्जरमधून इलेक्ट्रिकल नॉइज आला की स्क्रीनला तेच बोट वाटतं. फोन ठीक आहे, चार्जर बदला.

झिणझिण्यांचं जरा नीट ऐका. दोन पिनच्या चांगल्या चार्जरमध्ये पण तो नॉइज दाबायला एक खास कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो, त्यातून नगण्य करंट येतो आणि धातूच्या बॉडीवर हलकं खरखरीत लागतं, ते चालतं. पण चटका बसत असेल, चार्जर हात लावता येणार नाही इतका तापत असेल, आतून सूं आवाज किंवा जळका वास येत असेल तर वापरू नका. चार्जरच्या आत मेन्सची म्हणजे भिंतीतल्या विजेची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात जे अंतर आणि इन्सुलेशन ठेवायचं असतं त्यातच स्वस्तवाले हात आखडतात. चौकोनात चौकोन ही डबल इन्सुलेशनची खूण असते, पण ती छापायला कोणालाही येते, त्यामुळे विकणारा आणि कंपनी ओळखीची हवी.

प्रश्न : दोन पोर्टचा ६५ वॅटचा घेतला. दोन्हीकडे ६५ मिळतील ना?

उत्तर : नाही, बेरीज ६५. दोन्ही लावले की साधारण ४५ आणि २० असं वाटप होतं, पुस्तिकेत दिलेलं असतं. दुसरी वस्तू लावली की पहिलीचं चार्जिंग क्षणभर बंद होऊन परत सुरू होतं, तो दोष नाही.

प्रश्न : फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर मरते का? बायको म्हणते जुना ५ वॅटचाच वापर.

उत्तर : वेगापेक्षा उष्णता वाईट. फोन पूर्ण वेग फक्त सुरुवातीला घेतो, भरत आलेल्या भांड्यात आपण धार बारीक करतो तसं शेवटच्या टप्प्यात करंट कमी करत नेतो, त्यामुळे ८० ते १०० ला जास्त वेळ लागतो. फास्ट चार्जर लावून उशीखाली ठेवणं, उन्हात गाडीत ठेवणं, चार्जिंगवर गेम खेळणं याने बॅटरीचं खरं नुकसान होतं. रात्री घाईच नसेल तर वहिनींचं ऐका, ५ वॅटने रात्रभरात आरामात भरतो. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग असते, ती चालू करून ठेवा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी काढा.