१९७२ च्या बीटलला १९६५ ची पुढची मडगार्डं आणि बॉनेट बसेल का?

नुसत्या सालावरून सांगता येणार नाही. बॉनेट उघडा आणि स्टेपनी बघा. पुढच्या बाजूला तिरकी उभी असेल तर गाडी साधी बीटल, पुढे टॉर्शन बारवाली (पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांचं सस्पेन्शन). तळाशी आडवी झोपलेली असेल तर ती १३०२, म्हणजे सुपर बीटल. १९७२ मध्ये फोक्सवॅगन दोन्ही गाड्या बनवत होती, घोळ तिथेच होतो.

१३०२ असेल तर नाद सोडा. मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेलं सस्पेन्शन) आणि मोठी डिकी (बीटलची डिकी पुढे असते) बसवण्यासाठी त्यांनी गाडीचं नाकच बदललं. बॉनेट, मडगार्डं, बॉनेटखालचा पत्रा, सगळंच वेगळं. इतकंच काय, १३०३ चं, म्हणजे त्यानंतरच्या सुपर बीटलचं, बॉनेटही चालत नाही. हे मी स्वतः फसून शिकलोय. 'सुपरचंच आहे' म्हणून एक बॉनेट घेतलं, रंगवूनही आणलं (आधी लावून बघायची अक्कल नव्हती), आणि बसवायला गेलो तर मागची कड काचेखालच्या पत्र्यापर्यंत पोचेचना. १३०३ ची पुढची काच फुगीर, ती पुढे येते, म्हणून तिचं बॉनेट आखूड. दिसायला मात्र सख्खी भावंडं.

साधी बीटल असेल तर मडगार्डांचं काम होण्यासारखं आहे. ती बोल्टवरच असतात आणि बोल्टांच्या जागा जुळतात. तिरक्या काचेचे जुने हेडलाइट हवे म्हणून बरेच जण हे करतात. अडतं ते बंपरपाशी. ऑगस्ट १९६७ पासून बंपर वर गेला, त्यामुळे जुन्या मडगार्डातली ब्रॅकेटची खाच खाली पडते, कापून वर घ्यावी लागते. जुन्या दिव्यांत ६ व्होल्टचे बल्ब असतील तर तेही बदला, तुमची गाडी १२ व्होल्टची आहे. आणि हो, जुन्या मडगार्डांवर दोन लंबगोल जाळ्या असतात. हॉर्न त्यातल्या एकीच्याच मागे, दुसरी नुसती शोभेची.

बॉनेटच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. १९६५ चं बॉनेट खालून लांब, तुमच्या गाडीचं आखूड आणि त्याखालचा पत्रा उंच. जुनं बॉनेट लावायचं तर तो पत्राही जुना हवा, आणि तो बोल्टवर नाही, वेल्ड केलेला असतो. कापाकापी आली.

मडगार्डं काढायच्या आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. १३ चा पाना लावून जोर केलात आणि आतला वेल्ड केलेला नट सुटून फिरायला लागला, तर तो बोल्ट ग्राइंडरनेच निघतो. मडगार्ड आणि बॉडीमधलं बीडिंग नवंच घ्या. नवी मडगार्डं सगळे बोल्ट ढिले ठेवून चढवा, बीडिंग सरळ बसवा, आणि मगच आवळा.